पंखावरची दुसरी रेघ

“नेहमीचीच हाय ती,” सातापामामा म्हणाले. “कॅमेरा कशाला तापवतोयस उगंच?”

मी बटण दाबूनच ठेवलं होतं. खडखडाट थांबला तेव्हा एकवीस फोटो झाले होते आणि पाखरू उडालं होतं.

“तुम्ही तर बघितलंच नाही, मामा.”

“बघायचं काय त्यात? बोलली की ती. दोनदा बोलली. चिस्की हाय.”

खरंच बघितलं नव्हतं त्यांनी. खाली मान घालून तंबाखू मळत होते.

जानेवारी होता. सकाळचे आठ वाजले असतील. मामांच्या घरामागं जांभळाची दोन झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी मामांनी आडोसा केला होता. हिरवी जाळी, जाळीला चार भोकं, आत चार प्लास्टिकची स्टुलं. समोर सिमेंटचं उथळ टोपलं आणि वर टांगलेल्या मडक्यातनं त्यात थेंब थेंब पाणी. पाखरं प्यायला, आंघोळीला येतात. आपण भोकातनं लेन्स काढायची आणि गप्प बसायचं.

चिस्की हे मामांनी ठेवलेलं नाव. पुस्तकात तिला पर्णवटवट्या म्हणतात. अंगठ्याएवढी. पाठ शेवाळासारखी, पोट मळकट, पंखावर एक फिकट रेघ. दिवाळीनंतर उत्तरेकडनं येते आणि होळी झाली की जाते. एक मिनिट एका जागी बसत नाही आणि दिसायला काहीच नाही, म्हणून फोटोवाले तिच्या वाटेला जात नाहीत. मी गेलो, कारण त्या दिवशी दुसरं काही आलंच नव्हतं.

सातापा गावडे माझे सख्खे मामा नव्हेत. आजऱ्यापासून चौदा किलोमीटरवर, घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. आधी हंगामात गुऱ्हाळावर जायचे. मग कोणीतरी पुण्याचा फोटोवाला वाट चुकून त्यांच्या दारात आला, मामांनी त्याला जांभळाखाली बसवलं, आणि तेव्हापासून पाच हिवाळे ते लोकांना पाखरं दाखवत होते. वय एकोणपन्नास. साधा बटणांचा फोन. इंग्रजी नावं ऐकून ऐकून पाठ झालेली, पण मोडून तोडून.

त्यांचं सगळं कानावर चालायचं. पाखरू दिसायच्या आधी मामा त्याचं नाव सांगायचे. एकदा एका साहेबानं परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, “त्या उंबरावर काय काय आहे सांगा बघू.” मामांनी डोळे मिटले आणि पाच नावं घेतली. वर म्हणाले, “आणि एक बुलबुल हाय, पण त्येचा घसा बसलाय.” साहेब हसला. मग दुर्बीण लावली, आणि पाचही निघाली. बुलबुलाच्या घशाचं काय झालं ते कळलं नाही.

त्या वर्षी एक गोष्ट ठरायची होती. आमच्या भागात ‘घाटमाथा पक्षिमंडळ’ आहे. मंडळानं ‘पक्षी-वाट’ म्हणून एक योजना काढली होती. आठ वाटाडे निवडायचे, त्यांची नावं छापायची, आणि बाहेरनं येणाऱ्या लोकांनी त्यांच्याकडंच जायचं. फेब्रुवारीत यादी लागणार होती. यादीत नाव आलं तर मामांना परत गुऱ्हाळावर जायला लागणार नव्हतं. कंबर गेली होती त्यांची. गुळाच्या चुलवाणापुढं आता उभं राहवत नाही, म्हणायचे.

“तुमचं नाव नाही लागलं तर कुणाचं लागणार?” मी म्हणायचो.

“लागू दे मग. आधी लागू तर दे.”

---

मी आजऱ्यात चुलतभावाच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायचो. शिकवलं कुणी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. नवरीच्या गालावरचे फोड काढणे. मंडपातल्या ट्यूबलाइटीनं हिरवे पडलेले चेहरे गोरे करणे. सासऱ्याचे डोळे मिटलेले असले तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवणे. यात मी चांगला होतो. लोक बिदरीहून, गडहिंग्लजहून अल्बम घेऊन यायचे.

कॅमेरा जुना घेतलेला, लेन्स त्याहून जुनी. पाखरांचे फोटो मी हौसेनं काढायचो.

त्या दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. एकवीसमधले वीस फोटो गेले, कामाचा एकच. पाखरू सावलीत होतं म्हणून आयएसओ, कॅमेऱ्याची अंधारात बघायची ताकद, चौसष्टशेपर्यंत गेलेला, त्यामुळं फोटोवर नुसती रवाळ वाळू. तेव्हा एक नवीन सॉफ्टवेअर आलं होतं, असली वाळू, म्हणजे नॉइज, काढणारं. मी फोटो त्यात टाकला.

दोन मिनिटांनी जे आलं ते बघून मी खुर्ची पुढं ओढली.

पिसं न् पिसं सुटी दिसत होती. डोळ्यातला उजेड, चोचीचं टोक. आणि पंखावर पहिल्या रेघेच्या वर अजून एक रेघ. बारीक. मध्येच तुटलेली. पण होती.

मी रेघ काढली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. मी ती फक्त उजळवली. ब्रश बारीक करून, तीन-चार फटके. तुटलेली होती तिथं जोडली, कारण तुटकी वाईट दिसत होती. मग पाठ फार मळकट वाटली, म्हणून पिवळा जरा चढवला. एवढंच. नवरीच्या शालूला मी याच्यापेक्षा जास्त करायचो.

मग पुस्तक काढलं. दोन रेघा, पाठीवर पिवळं. पान उलटलं तर सापडलं. हिमालयातला एक वटवट्या, त्याला आम्ही पुढं लिंबूपाठ्या म्हणायला लागलो. आमच्या बाजूला कधी दिसलेला नव्हता.

मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तर नियम होता. खाली तीन गोष्टी लिहायच्या: ठिकाण, तारीख, आणि ओळख कोणी पटवली. माझ्यासारख्यानं स्वतःचं नाव टाकलं तर कोण ढुंकून बघत नाही. तिथं एक सावर्डेकर म्हणून होते, मोठ्या लेन्सवाले. मागं एकदा माझ्या फोटोखाली लिहिलं होतं त्यांनी, ‘अल्बमवाले पक्षी काढायला लागले की पक्षीपण पावडर लावून येतात.’ चाळीस जण हसले होते त्यावर.

मी लिहिलं, ‘लिंबूपाठ्या? ओळख: सातापा गावडे.’

मामांना विचारलं नाही. मनात म्हटलं, त्यांचं नाव होईल, यादीच्या आधी बरंच आहे. हे खोटं नाही, असंही वाटलं होतं. पण त्यांच्या नावाशिवाय माझा फोटो कुणी बघणार नाही हेही वाटलं होतं. दोन्ही एकदमच वाटलं.

दहा मिनिटांनी मी ते प्रश्नचिन्ह काढून टाकलं.

---

मंडळाचे सचिव प्रभुदेसाई सर. गडहिंग्लजच्या बाजूचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. कधी कुणाचं कौतुक करत नाहीत असे. त्यांनी लिहिलं, ‘दुसरी रेघ स्पष्ट आहे. मोठी नोंद. सातापा यांचे अभिनंदन. दिग्विजय, फोटो उत्तम.’

फोटो उत्तम. मी ते चारपाचदा वाचलं.

शनिवारी मी वाडीवर गेलो तर मामांच्या दारात चार गाड्या. आडोशात जागा नव्हती म्हणून लोक जांभळाला पाठ लावून बसलेले. शेवंतामामी चुलीवर चहाचं पातेलं ठेवून घामाघूम झालेल्या.

“ये, फोटोवाल्या,” मामी म्हणाल्या. “काय करून ठेवलंयस रं? एवढीशी चिमणी बघायला पुण्यासनं मानसं आल्यात. आमच्या कोंबड्या तरी मोठ्या हाईत तिच्यापरास.”

“कोंबड्यांचा पण काढतो, मामी.”

“काढ. निदान त्या उडून जाईत न्हाईत.”

मामा घराच्या मागं उभे होते. मला हातानं बोलावलं आणि गोठ्याच्या भिंतीआड घेऊन गेले.

“लोक म्हणाल्यात मी कुठलं तरी पाखरू सांगितलं. कुठलं?”

मी नाव सांगितलं.

“मी कवा म्हणलो तसं?”

“तुम्ही नाही म्हणाला. पण फोटोत आलंय, मामा.”

“कुठला फोटो?”

“त्या दिवशीचा. तुम्ही तंबाखू मळत होता तो.”

“ती चिस्की व्हती.”

मी फोन पुढं केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला. बोटानं मोठं करायचं त्यांना जमायचं नाही, मी करून दिलं. पंख. पहिली रेघ. दुसरी रेघ. पिवळी पाठ. ते बराच वेळ बघत राहिले. जांभळावरनं पाण्याचा थेंब टोपल्यात पडल्याचा आवाज येत होता, एवढं आठवतं.

“दोन हाईत की,” ते म्हणाले.

“होय.”

“मी आवाज ऐकला रं. दोनदा बोलली. चिस्कीच बोलली.” मग जरा थांबून, “मग माझंच कान चुकलं म्हणायचं.”

इथं मला बोलता आलं असतं. लॅपटॉपवर मूळ फाइल होती. तिला रॉ म्हणतात. कॅमेऱ्यानं जे बघितलं ते कच्चं, त्यात कुणाचा हात नसतो. मी म्हणू शकत होतो की मामा, मी जरा काम केलंय फोटोवर, थांबा, आधीचा दाखवतो.

मी म्हणालो, “असेल, मामा. वयानं होतं.”

मामांनी मान हलवली. फोन परत दिला. मग आडोशाकडं गेले आणि लोकांना म्हणाले, “बसा गप. येईल.”

---

पुढचे तीन आठवडे मी दर शनिवार-रविवार तिथं होतो. लिंबूपाठ्या कुणाला दिसला नाही. चिस्क्या दिसल्या, दिवसाला सात-आठ. लोक त्यांचेच फोटो काढायचे आणि स्क्रीनवर दुसरी रेघ शोधायचे. एकदोघांना सापडलीपण. मनात आलं की सापडते.

मामांमध्ये एक फरक पडला. आधी मला कळलाच नाही, कळला तेव्हा न कळल्यासारखं केलं.

आडोशात बसलो होतो. मागनं एक आवाज आला. मलासुद्धा ओळखता आला असता, नाचण होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, “हा कोणता हो?” मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग भोकाला डोळा लावला. शोधलं. नाचण शेपटीचा पंखा करून फांदीवर आला तेव्हा म्हणाले, “नाचण हाय.”

आधी बघितलं, मग बोलले. मी त्यांना तसं करताना कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी निघताना मामी म्हणाल्या, “तू तरी समजाव ह्यास्नी. सकाळधरनं कानात तेल घालून बसत्यात. काल गडहिंग्लजला डाक्टरकडं जाऊन आलं.”

“काय म्हणाला डॉक्टर?”

“म्हणला मळ हाय. काढला. तरी म्हणत्यात, न्हाई, आतनंच गेलंय काहीतरी.”

मामा ओट्यावर बसले होते. ऐकत होते. कापसाचा बोळा कानात होता.

“भाऊ बी बहिरा व्हता माझा,” ते म्हणाले. “पन्नाशीलाच. घराण्यात हाय आमच्या.”

“यादी लागू दे, मामा. तोवर काही बोलू नका कुणाला,” मी म्हणालो.

हे मी त्यांच्या भल्यासाठी बोललो असं मला तेव्हा वाटलं. गाडीला किक मारली आणि आलो. घरी येऊन जेवलो. झोप लागली. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला नुसतं काहीच वाटत नव्हतं, अवघडून बसल्यावर पाय बधिर होतो तसं. आपला आहे, पण आपला वाटत नाही.

---

फेब्रुवारीतल्या रविवारी तीन वाजता मंडळाची बैठक होती, आजऱ्यात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. वाटाड्यांनापण बोलावलं होतं. त्या वेळेला वाडीवरनं एसटी नाही म्हणून मी मामांना आणायला गेलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मामींनी गाडीवर बसताना त्यांच्या कपाळाला देव्हाऱ्यातला अंगारा लावला.

निघायच्या आधी सकाळी मी स्टुडिओत रॉ फाइल उघडून बघितली होती. का ते सांगता येत नाही. पंखावर एक रेघ होती. तिच्यावर, जिथं दुसरी पाहिजे, तिथं पानांच्या फटीतनं आलेल्या उन्हाचा एक पांढुरका डाग. सॉफ्टवेअरला तो रेघेसारखा वाटला. मला वाटून घ्यायचा होता. मी फाइल बंद केली.

खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. प्रभुदेसाई सर टेबलामागं. सावर्डेकर खिडकीपाशी. मामा दाराजवळच्या बाकावर टोकाला बसले. त्यांच्या शेजारी मी.

सर उभे राहिले. यादीआधी एक विषय घ्यायला लागेल, म्हणाले. त्यांनी खिशातनं फोन काढला, टेबलावर ठेवला आणि एक आवाज लावला.

च्विस्-लि. थांबून परत. च्विस्-लि.

“मुंबईच्या एका बाईंनी हे सातापांच्या आडोशात रेकॉर्ड केलंय. त्याच टोपल्यावर, आणि सोबत व्हिडिओ आहे,” सर म्हणाले. “असे सतरा आवाज आहेत. मी बंगळूरला माझ्या ओळखीच्या माणसाला पाठवले. सगळे नेहमीच्या पर्णवटवट्याचे. तीन आठवड्यांत एकाही माणसाला दोन रेघांचा पक्षी दिसलेला नाही. आपण ही नोंद बाहेर छापायला दिली आहे. ती मला मागे घ्यावी लागेल.”

माझ्या शेजारी मामा ताठ झाले. मी बघितलं नाही, बाकाची फळी हलली त्यावरनं कळलं.

“दिग्विजय, रॉ आहे का?”

“नाही, सर,” मी म्हणालो. “कार्ड फॉरमॅट झालं.”

किती सोपं होतं ते. आवाजसुद्धा कापला नाही.

“फोटोवर काय काय केलंस?”

“नेहमीचंच. नॉइज काढला.”

“नेहमीचंच म्हणजे नवरीचं का मुलाकडच्यांचं?” सावर्डेकर म्हणाले. काही जण हसले. माझ्या पिशवीत त्या वेळी लॅपटॉप होता. फाइल त्यात होती. पिशवी पायाशी होती.

सरांनी हात वर करून हसणं थांबवलं. मग मामांकडं वळले.

“सातापा, ओळख तुमच्या नावावर आहे. तुम्ही पाहिला होतात का पक्षी?”

“न्हाई, साहेब. बघितला न्हवता.”

“मग आवाज ऐकलात?”

“ऐकला. नेहमीचाच व्हता.”

“नेहमीचा? मग लिंबूपाठ्या कसं सांगितलंत?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. सगळ्या खोलीत दुसरं कुणी आपलं नसलं की माणूस बघतो तसं.

मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. कुठल्या तरी पतसंस्थेचं होतं, वर घोड्यांचं चित्र. सात घोडे. मी मोजले.

“सातापा?”

“दिलं मी नाव,” मामा म्हणाले. “चूक झाली.”

“अहो, गाड्या येतात म्हटल्यावर सुचतं माणसाला,” मागनं कोणीतरी बोललं. हळू बोललं, पण खोलीत ऐकू न जाण्याइतकं हळू नाही. मामांना तर गेलंच असणार.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, “वाटाड्याचा शब्द हाच त्याचा माल असतो. या वर्षी थांबू या, सातापा. पुढच्या वर्षी बघू.” मग यादी वाचली. आठ नावं. मामांना वाडीवरनं येता-जाता भेटणारी माणसं होती ती. दोघांना तर पाखरं मामांनीच शिकवली होती.

चहा आला. मामांनी घेतला. कप धुऊन परत ठेवला.

---

पुढचं आधी सांगून टाकतो. पुढच्या वर्षी मामांनी नाव दिलंच नाही. आडोशाची जाळी काढून मामींनी मिरचीच्या रोपांवर टाकली. मामा गोव्याला गेले, एका हॉटेलच्या बागेत कामाला. पावसाळ्यात लावणीला घरी येतात, असं कळतं.

मी रॉ फाइल प्रभुदेसाई सरांना पाठवली. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यातसुद्धा नाही. आठ महिन्यांनी. सोबत सगळं लिहिलं, ब्रशचं, पिवळ्याचं, कार्डाचं. सरांनी ग्रुपवर सहा ओळींचं निवेदन टाकलं. त्यात सातापा गावडे यांचा दोष नव्हता असं स्पष्ट होतं. त्याच दिवशी कुणाला तरी बिबट्याचा फोटो मिळाला होता. निवेदन चार जणांनी वाचलं असेल. मला वैयक्तिक एवढंच आलं, ‘मिळाली.’

आता मी कोल्हापुरात चपलांचे फोटो काढतो. ऑनलाइन विकायच्या असतात. चपलेचा रंग आहे तोच आला पाहिजे, नाहीतर माल परत येतो. त्या कामात मी बरा आहे. सात वर्षं झाली या गोष्टीला.

पण त्या दिवशीचं राहिलंच. बैठक संपली आणि मला मामांना परत सोडायचं होतं. एसटी नव्हतीच.

गाडीवर बरं असतं. मागच्या माणसाचं तोंड दिसत नाही. मामा मागं कॅरिअरला धरून बसले होते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या पुढं चालल्या होत्या, त्यांच्या मागनं आम्ही हळूहळू. पाच-सहा किलोमीटर असेच गेले. पुढं रस्ता मोकळा झाला तेव्हा मागनं आवाज आला.

“दिगू.”

“हं.”

“ती दुसरी रेघ कुठनं आली रं?”

मी गाडीचा वेग कमी केला नाही. समोर बघत बघत सांगितलं. उन्हाचा डाग, सॉफ्टवेअर, ब्रशचे फटके, पिवळा. फाइल आत्ता पिशवीत आहे हेपण सांगितलं. वाऱ्यानं अर्धं उडून जाईल असं वाटलं होतं, म्हणून जोरात सांगायला लागलं. एकेक वाक्य ओरडून. ‘मी जोडली ती.’ ‘तुम्ही बरोबर होता.’ शेतात खुरप्यानं भांगलणाऱ्या बायकांनी वर बघितलं.



वाडीचा फाटा येतो तिथं रस्त्याला लागून ओढा आहे. मामांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबलो. ते उतरले. शर्टावरची धूळ झाडली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला त्या पाहिजे होत्या.

“म्हंजे ती चिस्कीच व्हती,” ते म्हणाले.

“होय, मामा.”

“पहिल्यापास्नं.”

“होय.”

“म्हंजे माझं कान बरं हाईत.”

मी मान हलवली. ते माझ्याकडं बघतच नव्हते. मान जरा वाकडी करून ओढ्याच्या दिशेला उभे होते. गाडी बंद केल्यावर सगळं शांत झालं होतं. मग लांबनं एक शीळ आली, लांब ओढलेली, शेवटी खाली उतरणारी. मला ती आहे का नाही इतपतच ऐकू आली.

“सुभग,” मामा म्हणाले. “ओढ्याच्या पल्याड. खैराच्या झाडात, वरच्या अंगाला. नर हाय.” मग माझ्याकडं वळून, “जा. बघून ये.”

मी गेलो. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. बूट न काढताच गेलो. पलीकडं करवंदीच्या जाळीतनं वर चढलो. खैराचं झाड होतं. दोन मिनिटं काही दिसलं नाही. मग वरच्या फांदीवर हललं, पिवळं, डोक्यावर काळं. सुभग. नर. मामा म्हणाले होते तिथंच. कॅमेरा पिशवीत होता. मी काढला नाही.

परत आलो तर मामा होते तिथंच उभे.

“आहे,” मी म्हणालो. “सुभगच आहे. खैरावरच.”

मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, पाखरू उडून जाईल इतका.

मग चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि स्वतः बघायला ओढ्यात उतरले.